शेवटची शंभर पानं: भारतीय लोकप्रिय कादंबऱ्या विकत घेण्याआधी

भारतात लिहिल्या जाणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्यांची मूळ कल्पना बहुतेक वेळा चांगली असते. हे आधीच मान्य करायला हवं, कारण या पुस्तकांकडे पाहून नाकं मुरडणारे तेवढंही मान्य करत नाहीत. परीक्षेत कायम तळाशी राहणारे आयआयटीतले तीन मित्र. तिबेटातल्या एका टोळीचा प्रमुख असलेला शिव, ज्याला देवपण नंतर चिकटतं. भारताने १९८३चा विश्वचषक जिंकला त्याच क्षणी जन्मलेली आणि म्हणून क्रिकेट संघाला शुभ ठरणारी मुलगी. एका वाक्यात सांगितलं तरी पुस्तक उचलावंसं वाटतं, आणि उचललं की पहिली दीडशे पानं कशी संपली ते कळत नाही. अडचण पुढे येते. तीनशे पानांच्या कादंबरीत साधारण दोनशेव्या पानापासून पकड सुटू लागते. अचानक नवी पात्रं येतात, योगायोगांची गर्दी होते, कुणीतरी दोन पानांचं भाषण ठोकतं आणि गाठी सुटण्याऐवजी कापल्या जातात.

म्हणून इथे निकष एकच लावला आहे: शेवटची शंभर पानं. गेल्या वीसेक वर्षांत गाजलेल्या, मुख्यतः इंग्रजीत लिहिलेल्या आणि अनुवादांतून मराठी वाचकापर्यंत आलेल्या कादंबऱ्या या निकषावर कुठे उभ्या राहतात ते पाहू. जुन्या पुस्तकांचे शेवट मोकळेपणाने सांगितले आहेत. खुनाच्या कथांमधला खुनी मात्र कुठेच सांगितलेला नाही.

हा शेवटचा भागच का ढासळतो? याची कारणं व्यवसायात आहेत. पुस्तक विकलं जातं ते कल्पनेवर आणि पहिल्या प्रकरणावर. अमीश त्रिपाठी यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'च्या वेळी (२०१०) पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांतून फुकट वाटलं गेलं होतं. ती युक्ती यशस्वी झाली आणि पुस्तकाचा पहिला दहावा भाग हीच जाहिरात, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यामुळे लेखक आणि संपादक तोच भाग पुन्हापुन्हा घासतात. दुसरं कारण वेगाचं. यशस्वी लेखकाकडून दर वर्षा-दोन वर्षांनी नवं पुस्तक हवं असतं, आणि घाईत काट बसते ती शेवटच्या पुनर्लेखनाला. तिसरं कारण मालिकेचं. चार भाग विकायचे असतील तर पहिल्या भागात काहीही पूर्ण करायचं नसतं. चौथं कारण पडद्याचं. चित्रपट होण्याची शक्यता डोळ्यांपुढे असली की शेवट दृश्य म्हणून सुचतो, धावपळ, विमानतळ, भरलेलं सभागृह असा, आणि तिथवर नेणारी कारणं मागे राहतात.

योगायोगाबद्दल एक साधा नियम आहे, तो ध्यानात ठेवला की अर्धं परीक्षण आपोआप होतं. पात्र संकटात सापडायला योगायोग चालतो. पात्र संकटातून सुटायला चालत नाही.

चेतन भगत यांच्या दोन सुरुवातीच्या कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की हा नियम स्वच्छ दिसतो. 'फाइव्ह पॉइंट समवन' (२००४) आजही त्यांचं सर्वात घट्ट विणलेलं पुस्तक आहे. हरी, रायन आणि आलोक यांची पहिल्याच सत्रात दहापैकी पाच पॉइंट काहीतरीवर गुणांची सरासरी अडकते. तिथली गुणपद्धत सापेक्ष आहे, म्हणजे दुसरा वर गेला की तुम्ही खाली. हे कादंबरीच्या सुरुवातीलाच नीट समजावलेलं आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं: अभ्यास वाटून घेण्याची रायनची योजना, आलोकच्या घरची ओढाताण, हरीचं प्राध्यापक चेरियन यांच्या मुलीच्या प्रेमात पडणं, पेपर चोरण्याचा बेत, पकडलं जाणं, आलोकची उडी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. चेरियन यांच्या मुलाच्या मृत्यूचं सत्यही आधी पेरलेलं आहे, त्यामुळे शेवटी ते वर येतं तेव्हा बाहेरून आणून चिकटवल्यासारखं वाटत नाही. दीक्षान्त समारंभातलं चेरियन यांचं भाषण लांबतं, मान्य. पण त्या भाषणामागे चारेक वर्षांची कारणं आहेत.

'वन नाइट अॅट द कॉल सेंटर' (२००५) याच्या नेमकी उलट. गुडगावमधलं कॉल सेंटर, एक रात्र, सहा माणसं, प्रत्येकाचं एक दुखणं. रचना उत्तम आहे, कारण वेळ आणि जागा दोन्ही बांधलेल्या आहेत. मग त्यांची गाडी एका बांधकामाच्या खड्ड्यावर, सळयांवर अडकते, मोबाइलला रेंज नसते आणि देवाचा फोन येतो. देव सहाही जणांना त्यांच्या आयुष्याबद्दल चार गोष्टी सांगतो, गाडीतून सुटायचा मार्ग सुचवतो आणि पहाटेपर्यंत सगळे निर्धार करून मोकळे होतात. हा सुटकेचा योगायोगही नव्हे, थेट हस्तक्षेप आहे. त्यामुळे आधीच्या दोनशे पानांत लेखकाने मेहनतीने उभे केलेले सहा प्रश्न त्या सहा जणांना स्वतः सोडवावेच लागत नाहीत. सुनेला सासू छळते, वरिष्ठ दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवतो, या खऱ्या अडचणी होत्या. त्यांची उत्तरं कामाच्या जागेतून यायला हवी होती. काही वाचकांना तो फोन फार भावला हेही खरं, कारण तो धीर देतो. पण कादंबरीचं काम तिथे थांबतं.

'टू स्टेट्स' (२००९) या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि माझ्या मते तिला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. पंजाबी मुलगा कृष, तमिळ मुलगी, दोन घरं. प्रश्न कागदावर सोपा, पण भगत यांनी मुलाला नोकरीच्या निमित्ताने चेन्नईत नेऊन बसवलं आहे आणि मुलीच्या घरातल्या एकेका माणसाचं मन वेगळ्या मार्गाने जिंकायला लावलं आहे: भावाची शिकवणी, वडिलांचं ऑफिसमधलं सादरीकरण, आईचं गाणं. हे तपशील नेमके आहेत आणि प्रत्येकामागे श्रम दिसतात. शेवटची गाठ सोडवतात कृषचे वडील, मुलाला न सांगता चेन्नईला जाऊन. हा शेवट अनेकांना सोयीचा वाटतो. मला तो पटतो. बाप-लेकांमधला अबोला पुस्तकभर चालू आहे, आणि लग्नाच्या गोष्टीखाली खरी गोष्ट तीच आहे. 'हाफ गर्लफ्रेंड' (२०१४) मध्ये मात्र शेवटचा भाग न्यूयॉर्कमधल्या शोधावर टांगलेला आहे. नायिका रियाला तिथल्या बारमध्ये गायचं होतं हा धागा आधी येतो, म्हणजे पेरणी आहे. पण मुक्काम संपत आला असताना ती सापडणं हे पुन्हा सुटकेच्या योगायोगाकडे झुकतं. बिहारमधलं डुमराव आणि तिथली शाळा हा त्या कादंबरीचा सर्वात ताजा भाग होता, आणि तो मागे सोडून कथा परदेशात जाते हे खटकतं.

भगत यांची आणखी एक सवय माहीत असलेली बरी. बऱ्याच कादंबऱ्यांत कुणीतरी लेखकाला येऊन गोष्ट सांगतं: रेल्वेतली मुलगी, ईमेल पाठवणारा तरुण, वाराणसीतला गोपाळ, डायऱ्या देणारा माधव. या चौकटीमुळे गोष्ट खरी वाटते आणि साधी बोलकी भाषा शोभून दिसते. तोटा असा, की सांगणारा गोष्टीतून जिवंत बाहेर पडला आहे हे पहिल्या पानावरच कळतं. जिथे जिवाला धोका आहे अशा कथेत ही चौकट उत्कंठा कमी करते.

पौराणिक कल्पितकथांकडे वळताना मराठी वाचकाची नजर जरा वेगळी असते. आपल्याकडे खांडेकरांची 'ययाति' १९५९ सालची आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ सालची. पुराणातल्या माणसाला आतून बोलतं करणं आपल्याला नवं नाही. अमीश यांनी आणलेली नवी गोष्ट दुसरी आहे. ते पुराणकथेला प्रशासन, नगररचना, पाणीवाटप आणि रसायनशास्त्र अशी बाजू देतात. मेलुहा हे राज्य कसं चालतं हे सांगताना ते रंगून जातात, आणि वाचकही रंगतो. शिव आजच्या तरुणासारखा बोलतो, चिलीम ओढतो, चिडतो. ज्यांना ही भाषा खुपते त्यांनी पहिली वीस पानं वाचून ठरवावं. पुढे ती बदलत नाही.

'मेलुहा'पासून सुरू होणाऱ्या शिवत्रयीची बांधणी शेवटाच्या दृष्टीने पाहिली तर पाया पक्का आहे. सोमरस पहिल्या भागात वरदान म्हणून येतो: आयुष्य वाढवणारा, रोग दूर ठेवणारा. तो बनवायला सरस्वतीचं पाणी लागतं हेही तिथेच कळतं. तिसऱ्या भागात 'वाईट' म्हणजे नेमकं काय याचं उत्तर मिळतं, तेव्हा ते याच दोन गोष्टींतून येतं: नदी आटते आहे, आणि रस तयार करताना उरणारं विष कुठेतरी जाऊन माणसांना भोगायला लागतं. चांगली गोष्टच अति झाली की वाईट ठरते, ही मांडणी त्रयीच्या पहिल्या पानांपासून शेवटापर्यंत सलग जाते. एवढं दीर्घ नियोजन या व्यवसायात फार कमी जणांनी केलं आहे. बिघडतं ते कथनात. पहिला भाग साधारण चारशे पानांचा, तिसरा साडेपाचशेच्या वर, आणि तिसऱ्यात सैन्याच्या हालचाली, दूत, खलबतं, नकाशावरची चर्चा यांत मधली दोनशे पानं जातात. शिवाय माहिती द्यायची झाली की दोन पात्रं समोरासमोर बसतात, एक विचारतं, दुसरं समजावतं. पहिल्या भागात शिव परका असल्यामुळे हे नैसर्गिक वाटतं. तिसऱ्या भागापर्यंत त्याला सगळं ठाऊक असायला हवं, तरी प्रश्नोत्तरं चालूच राहतात. सतीचा शेवटचा लढा मात्र या सगळ्यावर मात करतो. तो प्रसंग लिहिताना अमीश यांनी भाषण बाजूला ठेवलं आहे आणि फक्त हालचाल लिहिली आहे, म्हणून तो लक्षात राहतो.

अमीश यांच्याच रामचंद्र मालिकेची रचना जास्त महत्त्वाकांक्षी होती आणि म्हणून तिचं गणितही जास्त चुकलं. राम (२०१५), सीता (२०१७) आणि रावण (२०१९) या तिन्ही पुस्तकांत एकेकाची गोष्ट जन्मापासून सुरू होऊन सीताहरणापाशी थांबते. युद्ध येतं चौथ्या भागात, २०२२ मध्ये. म्हणजे सात वर्षांत वाचक तीनदा त्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. स्वयंवरासारखे प्रसंग पुन्हा येतात, आणि प्रत्येक वेळी नवीन दृष्टी किती मिळाली हा प्रश्न पडतो. इथे 'मृत्युंजय'शी तुलना उपयोगी आहे. तिथेही कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक आहेत. कुंतीचा भाग मागे जातो, पण एकूण कथा एका निवेदकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात पुढे सरकते, आणि शेवटचा भाग कृष्णाकडे येतो तेव्हा तो बोलण्याचं कारण तयार असतं. दृष्टिकोन बदलणं आणि काळ पुढे नेणं ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. रामचंद्र मालिकेत दृष्टिकोन बदलला की काळ मागे जातो. तीन स्वतंत्र पुस्तकं विकण्यासाठी ही रचना सोयीची आहे, चौथ्या पुस्तकाच्या वजनासाठी नाही.

अश्विन सांघी यांच्या 'चाणक्याज चांट'मध्ये (२०१०) दोन काळ आलटून पालटून येतात. एकीकडे चाणक्य, दुसरीकडे कानपूरचा गंगासागर मिश्र, जो झोपडपट्टीतल्या एका मुलीला राजकारणात वर चढवत नेतो. गंगासागरचा भाग खमंग आहे. तिकीटवाटप, कामगार संघटना, वर्तमानपत्रांना बातम्या पुरवणं यांचे डाव बारकाईने रचले आहेत. जुन्या काळाच्या प्रकरणांना मात्र मुळातच एक अडचण आहे: नंद जाणार आणि चंद्रगुप्त येणार हे वाचकाला शाळेपासून माहीत आहे. तिथे ताण टिकवायचा तर कसं घडलं याचे नवे तपशील हवेत, आणि ते पुरेसे मिळत नाहीत. अर्ध्यानंतर प्राचीन प्रकरण आलं की हात आपसूक पुढची पानं चाळतो. सांघी यांचे संशोधनाचे कष्ट प्रत्येक पुस्तकात दिसतात, पण पात्रं एकमेकांना व्याख्यानं देतात तिथे पाठलाग थांबतो.

रचनेचा धडा घ्यायचा तर विकास स्वरूप यांची 'क्यू अँड ए' (२००५) घ्यावी. प्रश्नमंजुषेचे बारा प्रश्न, प्रत्येक प्रश्नामागे नायकाच्या आयुष्यातला एक प्रसंग, आणि बक्षीस शंभर कोटी. यात हुशारी अशी, की शेवट रचनेतच बसवलेला आहे. प्रश्न संपले की कादंबरी संपणार हे वाचकाला ठाऊक असतं, त्यामुळे पाल्हाळाला जागाच उरत नाही. प्रसंग काळाच्या क्रमाने येत नाहीत, प्रश्नांच्या क्रमाने येतात, म्हणून तुकडे जुळवण्याचं काम वाचकाकडे राहतं. प्रश्न नेमके त्याच्याच आयुष्यातून आले हा योगायोग अवाढव्य आहे, पण तो कथेची अट म्हणून पहिल्याच पानापासून पुढ्यात ठेवला आहे, आणि त्याच्यामुळेच नायक तुरुंगात गेला आहे. वर सांगितलेल्या नियमात तो बसतो. एका रुपयाचं नाणं आणि कार्यक्रमाचा सूत्रधार या दोन्ही धाग्यांचा हिशेब शेवटच्या पानांत चुकता होतो.

आता अनुजा चौहान. या सगळ्या लेखकांत शेवटच्या शंभर पानांत सर्वात कमी घसरणाऱ्या त्या आहेत, आणि त्याचं कारण कथानकापेक्षा संवादात आहे. जाहिरात क्षेत्रातल्या कामामुळे त्यांचा कान तयार आहे. दिल्लीतला न्यायाधीश, त्याची बायको, मोलकरीण, क्लबमधला सेक्रेटरी, वार्ताहर, प्रत्येकाची इंग्रजी वेगळी आणि त्यात मिसळलेली हिंदीही वेगळी. कोण बोललं हे न सांगताही संवाद ओळखू येतो. अशी पात्रं असली की लेखिकेला शेवटी घटना घुसवाव्या लागत नाहीत. माणसं आपापल्या स्वभावानुसार वागली तरी पेच वाढतो आणि सुटतो.

'दोज प्राइसी ठाकूर गर्ल्स' (२०१३) हे याचं उत्तम उदाहरण. ऐंशीच्या दशकातली दिल्ली, हेली रोडवरचं घर, पत्त्यांचा कोटपीस खेळणारे निवृत्त न्यायाधीश आणि इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं ठेवलेल्या पाच मुली: अंजिनी, बिनोदिनी, चंद्रलेखा, देबजानी, ईश्वरी. चौथी सरकारी वाहिनीवर बातम्या वाचते आणि तिच्या प्रेमात पडतो १९८४च्या हिंसाचाराचा तपास करणारा पत्रकार. प्रेमकथेतला अडथळा आणि त्या काळातल्या सरकारी बातम्यांचा खोटेपणा हे एकच आहेत. त्यामुळे शेवटी तिने पडद्यावर काय वाचायचं हा प्रश्न प्रेमाचाही ठरतो आणि सचोटीचाही. दोन धागे इतक्या सफाईने एका गाठीत आणणं सोपं नाही. 'द झोया फॅक्टर' (२००८), म्हणजे क्रिकेट संघाला शुभ ठरणाऱ्या त्या मुलीची गोष्ट, तुलनेत सैल आहे. एकामागून एक सामने येतात आणि त्यांचा आकार सारखाच राहतो: न्याहारी, नाणेफेक, धाकधूक, निकाल. मधले दोन सामने कापले असते तर पुस्तकाचं काही बिघडलं नसतं. पण नशीब की मेहनत हा वाद नायक आणि नायिकेच्या नात्यातच रुजवलेला असल्याने शेवट लागतो.

'क्लब यू टू डेथ' (२०२१) मध्ये त्या खुनाच्या रहस्याकडे वळल्या. दिल्लीतला उच्चभ्रू क्लब, व्यायामशाळेत वजनाच्या दांड्याखाली सापडलेला प्रशिक्षक आणि निवृत्तीकडे झुकलेला, मऊ बोलणारा एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) भवानीसिंह. रहस्यकथेत शेवटची शंभर पानं तपासायचे निकष कडक असतात. खुनी पहिल्या चतुर्थांशात वाचकाला भेटलेला हवा. निर्णायक सुगावा वाचकासमोर उघडपणे ठेवलेला हवा, भले तो दुसऱ्या गोष्टीच्या गर्दीत असो. आणि उकल करताना आधी न सांगितलेली माहिती निम्म्याहून जास्त नको. या तिन्हींत ही कादंबरी उतरते. उकलीचं प्रकरण थोडं लांबतं, कारण संशयितांची संख्या मोठी आहे आणि प्रत्येकाचा हिशेब द्यावा लागतो.

रहस्यकथेतच रमणाऱ्यांनी कल्पना स्वामिनाथन यांची लल्ली शोधावी. मुंबईतली निवृत्त पोलीस अधिकारी, साठी ओलांडलेली, आणि भाचीच्या तोंडून सांगितलेल्या कथा. लेखिका स्वतः शल्यचिकित्सक असल्याने शरीर, विष आणि जखमा यांबद्दल चुकीचं काही वाचावं लागत नाही. अनिता नायर यांचा बेंगळुरूचा इन्स्पेक्टर गौडा गडद आहे. तिथे खुनी कोण यापेक्षा शहर कसं आहे याला वजन जास्त. मधुलिका लिडल यांचा मुजफ्फर जंग शाहजहानच्या दिल्लीत तपास करतो. त्यात काळाचे तपशील विश्वासार्ह आहेत, वेग मात्र संथ.

महाविद्यालयीन प्रेमकथांबद्दल थोडक्यात. २००८च्या आसपास शंभर रुपयांच्या घरातल्या या पुस्तकांची लाट आली आणि अनेकांना इंग्रजी वाचनाची गोडी त्यांनीच लावली. त्यातला ठरलेला दोष एकच: शेवटच्या तीस पानांत कुणीतरी आजारी पडतं किंवा अपघात होतो. मृत्यूने प्रश्न सुटत नाहीत, ते विचारायचे राहून जातात. रविंदर सिंग यांची 'आय टू हॅड अ लव्ह स्टोरी' याला अपवाद मानावी, कारण ती स्वतःवर गुदरलेल्या दुःखातून लिहिलेली आहे आणि त्यातला साधेपणा खरा आहे. तिची नक्कल करणाऱ्यांकडे ते दुःख नव्हतं.

इंग्रजीबाहेर पाहिलं तर हिंदीतल्या सुरेंद्र मोहन पाठक यांच्याकडून शेवट कसा करावा हे शिकावं. टेलिफोन कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी तीनशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. 'पैंसठ लाख की डकैती' हे विमल या गुन्हेगार नायकाच्या मालिकेतलं सर्वात गाजलेलं पुस्तक. दरोड्याची कथा तीन टप्प्यांत असते: माणसं गोळा करणं, दरोडा, आणि पैशांवरून होणारी फाटाफूट. कच्चा लेखक दरोड्यावर सगळी पानं खर्च करतो. पाठक तिसऱ्या टप्प्यासाठी भरपूर जागा राखून ठेवतात, म्हणून शेवट गजबजलेला राहतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि सुहास शिरवळकरांनी फिरोझ इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन या नायकांना घरोघरी नेलं. दोघांची पुस्तकं आटोपशीर असत. दीड-दोनशे पानांत कथा संपवायची असली की पसारा मांडताच येत नाही, आणि आजच्या साडेचारशे पानांच्या थरारकथांना याच शिस्तीची गरज आहे.

मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या कथांचं दुखणं वेगळं आहे. प्रतिलिपीसारख्या मंचावर मराठी कथामालिका शंभरहून जास्त भागांपर्यंत जातात. प्रत्येक भाग छोटा, आणि त्याच्या शेवटी अडकवून ठेवणारं वाक्य. वाचक परत येत राहिला तर लेखकाला थांबण्याचं कारणच नसतं. यातले पहिले पंधरा-वीस भाग अनेकदा फार चांगले असतात, बोली जिवंत असते आणि घरातलं राजकारण अचूक पकडलेलं असतं. मग एखाद्या पात्राची स्मृती जाते किंवा जुळा भाऊ उगवतो. मालिका पूर्ण झालेली आहे का आणि किती भागांत, हे आधी पाहून वाचायला घ्या. चाळीस भागांच्या आत संपलेली मालिका बहुधा आखून लिहिलेली असते.

विकत घेताना तपासायचं कसं? ई-बुकचा मोफत नमुना पहिल्या काही प्रकरणांचा असतो, म्हणजे नेमका सर्वात जास्त घासलेला भाग. त्यावरून भाषा कळते, बांधणी कळत नाही. दुकानात पुस्तक हातात असेल तर दोन तृतीयांशावर उघडा आणि सलग चार पानं वाचा. रहस्य फुटण्याची भीती नको, संदर्भाशिवाय काही कळत नाही. तीन गोष्टी पाहा. संवादांतून बोलणारा कोण ते ओळखू येतं का. एखादं पात्र अर्ध्या पानापेक्षा जास्त वेळ न थांबता माहिती सांगतंय का. आणि या टप्प्यावर एखाद्या नव्या माणसाची सविस्तर ओळख करून दिली जातेय का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर पुढे भाषण आणि योगायोग यांची तयारी ठेवा.

छापील प्रतीबद्दलही दोन गोष्टी. भगत यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या ९५ रुपयांना मिळत, आता नव्या लोकप्रिय कादंबऱ्यांची छापील किंमत सहज तीनशे-चारशेच्या घरात जाते, आणि म्हणून पदपथावरच्या बनावट प्रतींचा मोह होतो. या प्रती स्कॅन करून छापलेल्या असतात. मुखपृष्ठावरची अक्षरं कडेला पुसट, कागद इतका पातळ की मागचा मजकूर दिसतो, आणि समास एका बाजूला सरकलेला. सर्वात त्रासदायक म्हणजे फर्मा गाळला जाणं किंवा दोनदा येणं. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात, त्यामुळे सोळा पानं सलग गायब होतात, आणि ती रहस्यकथेच्या शेवटची असली तर पुस्तक वाया. घ्यायचीच झाली तर आधी पानांचे आकडे सलग आहेत का ते पाहून घ्या.

आवृत्त्यांचा गोंधळही लक्षात घ्या. वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था अॅमेझॉनकडे होती आणि २०२२ मध्ये अॅमेझॉनने ती बंद केली. पुढे तिथल्याच मंडळींनी प्रतिलिपीच्या साथीने ते नाव पुन्हा उभं केलं, पण मधल्या काळात अमीश आणि सांघी यांची पुस्तकं हार्परकॉलिन्सकडे गेली. म्हणून एकाच मालिकेचे दोन वेगळ्या रूपांतले संच बाजारात दिसतात. मजकुरासाठी फरक पडत नाही, पण संच जुळवायचा असेल तर सगळे भाग एकाच प्रकाशकाचे एकदम घ्या.

वाचनाचा क्रमही सांगतो. भगत यांची ओळख करून घ्यायची तर 'फाइव्ह पॉइंट समवन' आणि 'टू स्टेट्स' पुरेशा आहेत. शिवत्रयी पूर्ण वाचावी, कारण तिसऱ्या भागाशिवाय पहिल्याला अर्थ नाही. इंग्रजी जड जात असेल तर पहिला भाग मराठीत 'मेलुहाचे मृत्युंजय' या नावाने आहे. रामचंद्र मालिकेत वेळ कमी असेल तर दुसरा, तिसरा आणि चौथा भाग घ्या. पहिल्यातले महत्त्वाचे प्रसंग दुसऱ्यात येऊन जातात. चौहान यांच्या ठाकूर बहिणींची गोष्ट 'द हाउस दॅट बीजे बिल्ट' (२०१५) मध्ये पुढच्या पिढीकडे जाते, तेव्हा आधी हेली रोडवरचं पहिलं पुस्तक संपवा. एसीपी भवानीसिंहांचं दुसरं प्रकरण 'द फास्ट अँड द डेड' (२०२३) बेंगळुरूत घडतं आणि स्वतंत्रपणे वाचता येतं, पण त्यांची तपासाची पद्धत पहिल्या पुस्तकात जास्त तपशिलाने कळते.